गोडाला गाडी लागते

बसस्टँडवर गाड्यांची सूचना देणाऱ्या बाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटाला माहीत. बाकी सगळं स्टँड त्यांना कृपयाबाई म्हणायचं, कारण बावीस वर्षं त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुटत आलं होतं. "कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर साडेनऊची गाडी लागली आहे." 'साडेनऊची'मधल्या 'ची'वर त्या जराशा रेंगाळायच्या आणि 'लागली आहे'ला असा ठसका द्यायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणहून आलेली नाही, बाईंनी ती कान धरून आणलीय.

हा सूर घरीही सुटायचा नाही. थोरला भाऊ बाथरूममध्ये रमला, की दाराबाहेरून सूचना व्हायची, "कृपया लक्ष द्यावे. बाथरूम वीस मिनिटांपासून अडलेलं आहे. पुढच्या प्रवाशांनी आपापली सोय बघावी." यावर वहिनी म्हणायची, "मी काही बोलत नाही." आणि मग पुढची दहा मिनिटं बोलायची.

तर अशा या कृपयाबाईंचं एक गुपित होतं. जिच्या तोंडी दिवसातून दीडशे वेळा 'गाडी लागली' असायचं, तिला स्वतःला गाडी लागायची. फलाटाला लागते तशी नव्हे, पोटाला लागते तशी. लहानपणी एकदा बसने जाताना त्यांनी भावाची नवीकोरी शाळेची टोपी भरून दिली होती. त्यानंतर बाई ज्या उतरल्या, त्या पुन्हा चढल्याच नाहीत. घरापासून स्टँड चालत दहा मिनिटांवर. काचेच्या खोलीत जायला लोखंडी जिना. वर बसून त्यांनी लाखो माणसं गावोगाव पाठवली आणि स्वतः कधी पुढच्या चौकापर्यंतही बसने गेल्या नाहीत. हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. पोहता न येणाऱ्या होडीवाल्याने कुठे बोलू नये, तसंच हे.

आता दरवर्षी भर उन्हाळ्यात डेपोची सहल जायची. डेपोचीच बस, डेपोचीच चाळीस माणसं, आणि दीड तासावरचं एक तळं. बाई काही जायच्या नाहीत. "मी थांबते," म्हणायच्या, "सगळेच गेले तर स्टँडवर गाड्या सांगायच्या कुणी?" डेपो मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहायचं. त्यांना प्रत्येक वाक्यात एक 'दृष्टीने' लागायचा. तळ्याकाठच्या भाषणात ते म्हणायचे, "कर्तव्याच्या दृष्टीने पाहता, आज आपल्यात नसलेल्या बाई, त्या दृष्टीने, आपल्यातच आहेत."

आणि बाई अगदीच नसायच्या असंही नाही. त्यांचं गोड जायचं. मोठ्या काचेच्या भांड्यात चार थर. खाली दुधात भिजवलेली बिस्किटं, त्यावर कस्टर्ड, त्यावर फळांच्या फोडी, आणि सगळ्यांत वर लालबुंद जेली, जिच्यात पंखासुद्धा फिरताना दिसायचा. पहाटे उठून भांडं ओल्या टॉवेलात गुंडाळायचं, बर्फाच्या बादलीत बसवायचं आणि कंडक्टर सरकाभाऊंच्या हवाली करायचं. सरकाभाऊ हे नाव 'पुढे सरका, पुढे सरका'तून पडलेलं. ते लग्नात जेवायला बसले तरी शेजारच्याला आधी पुढे सरकवायचे.

संध्याकाळी भांडं परत यायचं ते लख्ख धुतलेलं. बाई विचारायच्या, "कसं झालं होतं?"

"वा, बाई!" सरकाभाऊ म्हणायचे. "वा!"

अकरा वर्षं ही 'वा' बाईंनी जपून ठेवली होती. जरा विचार करा. बाईंचा आवाज ऐकून माणसं काय करायची? पिशव्या उचलून पळायची. थांबून कौतुक कुणी केलंय? थांबून कुणी काही म्हटलं असेल, तर ते या चार थरांना.

मग या वर्षी, सहलीला तीन आठवडे असताना, दुपारची गोष्ट. बाईंच्या खिडकीखालच्या बाकावर सरकाभाऊ चहा पीत बसले होते. सोबत पार्सलच्या खोलीतली पार्सलताई, जिचं निम्मं आयुष्य 'हलवू नये' असं लिहिण्यात गेलं होतं. खाली बसणाऱ्यांची समजूत अशी, की वरून फक्त आवाज येतो. खालचा आवाज वर जातो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

"ग्लास किती घेतेयस?" सरकाभाऊंनी विचारलं.

"चाळीस."

"मोठे घे. बाईंचं गोड असतं ना."

"आणि चमचे?"

"चमचे कशाला? चमच्याने कधी आलंय ते? पहिल्या घाटातच त्याला गाडी लागते!"

दोघं इतकी हसली, की पार्सलताईच्या बशीतला चहा हलला. वर बाईंचं बोट माइकच्या बटणावर होतं, वेळ झाली होती, आणि सगळ्या स्टँडने ऐकलं, "कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर पातळ... पावणेएकची गाडी लागली आहे."

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि काचेचं भांडं पुढ्यात घेऊन बसल्या.

"वहिनी, माझं पुडिंग पोचत नाही."

"मी काही बोलत नाही," वहिनी म्हणाली. "पण जेली घरात टेबलावर ठेवली तरी थरथरते. तिला तू खड्ड्याखड्ड्यांतून दीड तास पाठवतेस. वर ऊन. खाली कस्टर्ड. ते काय खांब लावून उभं केलंय?"

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलत नाही, बोलत नाही, असं काय मी उगीच म्हणते?"

बाईंना झोंबलं ते थर मोडले म्हणून नाही. 'वा' खोटी होती म्हणून. अकरा वर्षं आपलं पितळ सगळ्यांसमोर उघडं पडलेलं, आणि ते फक्त आपल्यालाच दिसलेलं नाही! त्यांनी मनाशी ठरवलं, या वर्षी गोड जसंच्या तसं पोचलं पाहिजे आणि 'वा' आपल्या कानांनी ऐकली पाहिजे. कान आपले म्हणजे आपणही तिथे हवं. आणि तिथे जायचं म्हणजे बसने.

पण आधी गोड. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या दहा-दहाच्या फेरीला सरकाभाऊंच्या हातात एकेक डबा जायला लागला. फेरी दीड तासाची, जाऊन-येऊन.

"हे काय, बाई?"

"न्या आणि परत आणा. काय होतं ते सांगा. खरं सांगा."

सरकाभाऊंना 'खरं' या शब्दात काहीतरी टोचलं, पण त्यांनी डबा घेतला. परत आल्यावर डेपोत जसा अहवाल देतात तसा दिला, "सुटला वेळेवर. पहिल्या वळणाला क्रीम उतरलं. दुसऱ्या वळणाला केक क्रीमवर चढला. तिसऱ्यानंतर दोघांपैकी कुणी दिसलं नाही."

मग चॉकलेटमध्ये बुडवलेली बिस्किटं गेली. "जाताना पंचवीस होती," सरकाभाऊ म्हणाले, "आता एकच आहे. मोठं आहे."

मग वाट्या-वाट्यांत जेली. "झाकणं पोचली, बाई."

बाई हटल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत जिना उतरून त्या पार्सलच्या खोलीत गेल्या. खोलीत सुतळीचा, गोणपाटाचा आणि कुणाच्या तरी औषधांचा वास. पार्सलताई गुडघ्याने एक खोकं दाबत होती.

"ताई, माल फुटतो कशाने?"

"हलतो म्हणून."

"आणि हलतो कशाने?"

"जागा मिळते म्हणून," पार्सलताई दातांत सुतळी धरून म्हणाली. "बोट शिरेल एवढी जागा ठेवली ना, की माल प्रवासाला निघतो. खोक्याच्या आतल्या आत. मी काय करते, काठोकाठ भरते. मग जागेवरून हलायचं म्हटलं तरी जाणार कुठे? माणसांचंही तसंच आहे म्हणा." असं म्हणून तिने सुतळी तोडली आणि नजर चुकवून दुसरं खोकं ओढलं. ग्लास मोजताना आपण काय बोललो होतो ते तिला बहुतेक आठवलं असावं.

बाईंनी त्या रविवारी घरातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. खजूर कुटला, बदाम-अक्रोड भरडले, बिस्किटांचा चुरा केला, मध घातला, लोणी घातलं, आणि सगळं डब्यातच दाबून दाबून काठापर्यंत बसवलं. वहिनीला वरून लाटणं फिरवायला लावलं. मग डब्यासकट ओव्हनमध्ये. गार झाल्यावर बोटाने वाजवून बघितलं, तर टकटक असा आवाज आला.

"लादी झालीय," भाऊ म्हणाला. "आपल्या मागच्या पायरीची एक निघालीय, बघ बसते का."

दुसऱ्या दिवशी लादी दहा-दहाला गेली आणि परत आली. सरकाभाऊ जिना चढून आले तेच तोंड पाडून.

"काय झालं?"

"काही नाही झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही झालं, बाई. जशी नेली तशी आणली. एकदा तर डबा सीटवरून पडला. बसच्या पत्र्याला पोचा आला." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "आणि चवीला?"

"खायची होती?" सरकाभाऊ म्हणाले.

पण बाई तोवर साहेबांच्या केबिनकडे निघाल्या होत्या. या वर्षी मी सहलीला येणार, माइकवर चौकशीच्या खिडकीवरचे बसतील, असं त्यांनी सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला. "पण बाई, त्यागाच्या दृष्टीने... म्हणजे, भाषणाच्या दृष्टीने, मी 'आज आपल्यात नसलेल्या' असं लिहून ठेवलंय."

"मग 'असलेल्या' करा."

"त्याने जोर जातो हो."

सहलीच्या सकाळी बाई साडेसहाला बसमध्ये चढल्या. तीस-पस्तीस वर्षांनंतर. पहिली सीट, खिडकी उघडी, मुठीत लिंबू, गालात आल्याची वडी, मांडीवर लादीचा डबा. पोटात काही नव्हतं. दिलेली बातमी एकच, "उपास आहे." मागे पार्सलताईचे चाळीस मोठे ग्लास खोक्यात किणकिणत होते. ते ऐकून बाई मनात म्हणाल्या, वाजा, वाजा. आज तुमच्यात काही पडायचं नाही.

पहिला अर्धा तास चांगला गेला. बाई समोरच्या रस्त्यावर नजर रोखून मनातल्या मनात सूचना देत होत्या, 'कृपया लक्ष द्यावे, पोट जागेवरच आहे, प्रवाशांनी घाबरून जाऊ नये.' मग वळणं लागली. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि एक जे कुठे चाललंय ते ड्रायव्हरलाच ठाऊक. मागे गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. बाईंच्या कपाळावर घाम आला. लिंबू मुठीत पिळलं गेलं. मांडीवरची लादी मात्र जागची हलत नव्हती. हलत होत्या त्या बाई. पार्सलताईचं म्हणणं खरं होतं. बाईंच्या आत आज जागाच जागा होती.

दारात उभ्या सरकाभाऊंनी सहज मान वळवून पाहिलं. बाईंचा चेहरा कस्टर्डसारखा झाला होता. गेली अकरा वर्षं त्यांनी ते कस्टर्ड पाहिलेलं असल्याने पुढे काय होणार हे त्यांना बरोबर कळलं. हातातली शिट्टी सोडून ते ओरडले, "थांबव! थांबव! गाडी लागली! गाडी लागली!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला.

कुठल्याही दुसऱ्या बसमध्ये लोकांनी विचारलं असतं, कुणाला? पिशवी द्या, पाणी द्या, झालं असतं. पण ही डेपोची माणसं. यांच्या कानाला 'गाडी लागली'चा एकच अर्थ, तोही बावीस वर्षं याच बाईंनी घोटून घेतलेला. भेंड्या अर्ध्यावर तुटल्या. झोपलेले उठले. "आलं, आलं, चला!" सतरंज्या निघाल्या, डबे निघाले, पोरं निघाली, ग्लासांचं खोकं निघालं. दारात गर्दी झाली तसे सरकाभाऊही हाडाचे कंडक्टर, त्यांच्या तोंडून आपोआप सुटलं, "पुढे सरका, पुढे सरका, दार अडवू नका!" चार मिनिटांत बस रिकामी. एवढ्या वेगाने ती आजवर कधी रिकामी झाली नव्हती.

बाई तेवढ्यात ड्रायव्हरकडच्या दाराने उतरून कालव्याच्या कठड्याशी जाऊन आल्या होत्या. परत आल्या त्या हलक्या होऊन, तोंड धुऊन. पाहतात तर रस्त्याकडेच्या तीन झाडांखाली सतरंज्या अंथरून झालेल्या, पोरं गुडघाभर पाण्यात उतरलेली, आणि साहेब हातात भाषण घेऊन चहूकडे बघतायत.

"तळ्याच्या दृष्टीने," साहेब म्हणाले, "तळं कुठेय?"

ड्रायव्हर दिवसभरात एकदाच बोलला. "अजून पंचवीस किलोमीटर."

आता कोण चढतंय? पोरांना पाण्यातून काढणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. सगळे एकमेकांकडे, मग सरकाभाऊंकडे बघायला लागले. "गाडी लागली म्हणालात ना?"

"अहो, लागली! पण..." सरकाभाऊंनी बाईंकडे पाहिलं आणि जीभ चावली.

बाई ओल्या चेहऱ्याने पुढे झाल्या. माइक नव्हता, पण गरजही नव्हती. "कृपया इकडे लक्ष द्यावे," त्या म्हणाल्या. "गाडी मला लागली. लहानपणापासून लागते. अकरा वर्षं ड्युटीसाठी थांबत नव्हते. या कारणासाठी थांबत होते. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी."

कालव्यातल्या पोरांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या. साहेबांनी भाषणाकडे एकदा पाहिलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. त्यागाच्या दृष्टीने त्यात आता काही उरलं नव्हतं.

"बाई," सरकाभाऊ खाली बघत म्हणाले, "मग माझंही ऐकून घ्या. तुमचं ते पुडिंगही कधी पोचलं नाही. एकदाही."

"माहीत आहे. ग्लासवाला कारभार वरपर्यंत ऐकू येतो."

पार्सलताईने खोक्याआड मान घातली.

"म्हणून," बाईंनी डबा पुढे केला, "हे घ्या. हे पोचलंय." आणि त्यांनी झाकण काढलं. लादी काठोकाठ, गुळगुळीत, एक भेग नाही. सुरीने कापायला सरकाभाऊंना उभं राहावं लागलं. एका कडेचे बोटाएवढे तुकडे वाटले गेले. सगळे चावायला लागले. बराच वेळ चावत होते. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. ज्यासाठी पोट उलटंपालटं करून घेतलं, ती 'वा' आता कुठल्याही क्षणी येणार होती.

"छान आहे," पार्सलताई म्हणाली.

"टिकाऊ आहे," कुणीतरी म्हणालं.

"दातांच्या दृष्टीने..." साहेबांनी सुरुवात केली आणि तुकडा गालात सरकवून थांबले.

वर ऊन रणरणत होतं. चाळीस मोठे ग्लास सतरंजीवर रिकामे उभे होते. शेवटी सरकाभाऊंना राहवलं नाही. "बाई, राग मानू नका. पण ते पातळ नाही का आणलं?"

"पातळ?"

"तुमचं नेहमीचं."

बाईंचा आवाज चढला. "आता तरी खोटं बोलू नका हो! ते तुम्ही ग्लासाग्लासाने ओतून देत होता."

"पहिल्या वर्षी ओतलं," सरकाभाऊ म्हणाले. "शप्पथ सांगतो, अर्धं ओतलं. मग एकाला तहान लागली होती, त्याने ग्लास बुडवला. गारेगार, फळं घातलेलं, मधे जेलीचे गोळे! उरलेल्या अर्ध्यावरून मारामारी झाली. तेव्हापासून ग्लास आणतो. भांडं लख्ख का यायचं? बोटांनी पुसून खायची माणसं. साहेबसुद्धा."

"उकाड्याच्या दृष्टीने," साहेब लाजून म्हणाले.

"मग 'वा'च्या पुढे कधी काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? थर मोडले हे सांगावं लागलं असतं. तुम्ही घट्ट करायला गेला असता," सरकाभाऊंनी हातातल्या तुकड्याकडे बघत म्हटलं. "आणि बघा, गेलातच."

बाईंनी एकदा रिकाम्या ग्लासांकडे पाहिलं, एकदा लादीकडे. मग त्यांना हसू फुटलं ते आवरेना. अकरा वर्षांची 'वा' पहिल्यापासून खरीच होती. ती मिळाली नव्हती ती फक्त आज, जे सगळ्यांत नीट पोचलं त्याला.

संध्याकाळी वहिनीने डबा उघडला. लादीची एक कड तेवढी गेली होती. "मी काही बोलत नाही," ती म्हणाली, "पण एवढी उरली?"

"प्रवासाला उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "गेली तशी परत आली."

भावाने एक तुकडा उचलला आणि खरंच मागच्या पायरीकडे गेला.

सोमवारी सकाळी साडेनऊला नेहमीप्रमाणे माइक लागला. "कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर साडेनऊची गाडी..." इथे बाई अडखळल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या शब्दाशी येऊन थांबल्या. मग जोर लावून म्हणाल्या, "...लागली आहे."

खालच्या बाकावरून सरकाभाऊंचा आवाज आला, "कुणाला, बाई?"

बाईंचं बोट अजून बटणावरच होतं. सगळ्या स्टँडने ऐकलं, "तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्ही सगळे उतरून मोकळे होता!"